एक मूल, एक कागद, एक दुवा: बालसेवांच्या एकत्र नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

० ते ६ वयाच्या ज्या मुलांची वाढ किंवा विकास मागे पडतोय, त्यांच्यासाठी अंगणवाडी, आरोग्य विभाग, थेरपिस्ट आणि पालक यांनी एकत्र बसून योजना कशी आखावी, याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातल्या सेविका, आशाताई, आरोग्यसेविका आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रत्येक जण आपापले काम करतोच आहे. मग वेगळी आखणी कशाला?

एका मुलापर्यंत किती जण पोचतात ते एकदा मोजून बघा. सेविका वजन-उंची घेते, आशाताई घरभेट देते, सिस्टर लस टोचते, आरबीएसकेचे, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन तपासते. डीईआयसीत, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम दाखवतात आणि वाचातज्ज्ञ वेगळा सराव देतात. प्रत्येकाची नोंद वेगळ्या वहीत नाहीतर वेगळ्या ॲपमध्ये. सूचना मात्र सगळ्या एकाच आईच्या पदरात पडतात: दिवसातून तीनदा वीस मिनिटे व्यायाम, दोनदा बोलण्याचा सराव, दर दोन तासांनी खाऊ घालणे, पंधरवड्याला वजन. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचे, भाकऱ्या थापायच्या आणि नऊच्या आत भांगलणीला जायचे, अशा बाईला हे पेलत नाही. दोन-तीन आठवड्यांत सगळेच सुटते आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, "पालक सहकार्य करत नाहीत".

हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. सूचना देणाऱ्यांनी एकमेकांशी न बोलता दिलेले ते ओझे असते. एकत्र आखणी म्हणजे या सूचनांचा मेळ आधी आपसात घालायचा, त्यातले त्या घराला झेपेल तेवढेच ठेवायचे आणि तेही त्या घराच्या रोजच्या कामात बसवून द्यायचे.

बैठकीला कोण कोण हवे?

आई किंवा जो मूल सांभाळतो तो, सेविका, आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर किंवा सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. एवढे चौघे असल्याशिवाय बैठक धरू नका. मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, पहिल्या बैठकीला हव्यात, पुढच्या आढाव्याला आल्या नाहीत तरी चालते. थेरपिस्ट प्रत्यक्ष आले तर उत्तम, नाहीतर फोनवर.

आजीला विसरू नका. आपल्याकडे आई रानात असते तेव्हा मूल आजीजवळच असते, आणि भरवणे, झोपवणे, तेल लावणे हे सगळे तिच्या हातात असते. आजीने न ऐकलेली योजना दुसऱ्या दिवशीच मोडते.

सात-आठांपेक्षा जास्त माणसे नकोत. सरपंच, समिती सदस्य, शेजारीपाजारी जमले की आई गप्प बसते. मूल चालत नाही हे चारचौघांत बोलायला लागणे तिला जड जाते.

मदतनिसांना बोलवायचे का?

जरूर. जेवण वाढताना, हात धुवायला नेताना मूल त्यांच्याजवळ असते. मूल काय चावते, काय थुंकते, कुणाच्या शेजारी बसले की शांत होते, हे बहुतेक त्यांनाच माहीत असते.

बैठक कधी आणि कुठे घ्यावी?

सगळ्यात सोपा दिवस म्हणजे महिन्यातला ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन. त्या दिवशी सिस्टर, आशा आणि सेविका तशाही अंगणवाडीत असतात. लसीकरण आटोपल्यावर दुपारी एका मुलासाठी पाऊण तास काढता येतो. एका दिवशी दोनच मुले घ्या. पाच मुले घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला नाव वाचून दाखवण्याइतकाच वेळ येतो.

वेळ ठरवताना तालुका बघा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडकडे जून-जुलैत भाताची लावण असते, तेव्हा आई दुपारी मिळणारच नाही. सकाळी आणि संध्याकाळी डेअरीची वेळ टाळा. बाजाराच्या दिवशी आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात बैठक लावू नका. हे क्षुल्लक वाटते, पण बैठका फसण्याचे पहिले कारण चुकीची वेळ हेच असते.

मूल घराबाहेर बुजत असेल किंवा त्याला उचलून आणणे अवघड असेल तर बैठक घरीच घ्या. घरी गेल्यावर न विचारता बरेच कळते: उंबरा किती उंच आहे, मूल दिवसभर कुठे पडून असते, संडासला कुठे नेतात.

बैठकीच्या आधी काय तयारी लागते?

दोन गोष्टी. पहिली, सगळे कागद एका पिशवीत: माता बाल संरक्षण कार्ड, वाढीचा तक्ता, आरबीएसकेची चिठ्ठी, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, आधीचे रिपोर्ट. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर किती आठवड्यांचे जन्मले ते डिस्चार्ज कार्डवरून आधीच लिहून घ्या. दोन वर्षांपर्यंत त्याचे वय दुरुस्त करून मोजायचे असते. ३२ आठवड्यांचे जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे झाले, तरी विकास तपासताना ते सहा महिन्यांचेच धरायचे, कारण ते आठ आठवडे आधी आले. हे न केल्यामुळे काही चांगली मुले उगाच "मागे" ठरतात आणि घर हादरते. उलट दोन वर्षांनंतरही वजावट चालू ठेवली तर खरा उशीर झाकला जातो.

दुसरी तयारी अधिक मोलाची आहे: दिनक्रमाची विचारपूस. बैठकीच्या आठवडाभर आधी आशाताई किंवा सेविका घरी जाऊन उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस क्रमाने विचारतात. उठणे, दात घासणे, चहा-दूध, अंघोळ, खाणे, खेळणे, बाहेर जाणे, झोप. प्रत्येक वेळेबद्दल तीन प्रश्न: तेव्हा मूल काय करते, कोण जवळ असते, आणि ही वेळ तुम्हाला सोपी जाते की जड? "काय अडचण आहे?" असे थेट विचारले की "काही नाही ओ, बरं आहे" एवढेच उत्तर येते. अंघोळीबद्दल विचारले की मग निघते, "पोरगं पाटावर बसतच नाही ओ, कलंडतंय. एका हातानं धरायचं आन् एका हातानं पाणी घालायचं." योजनेला धागा इथेच मिळतो. शेवटी विचारा, या सगळ्यातले एक बदलायचे झाले तर कोणते बदलावे? ते उत्तर आईच्याच शब्दांत लिहून घ्या.

पाऊण तासात हे सगळे कसे बसवायचे?

पहिली पाच मिनिटे मूल काय काय करू शकते यावर. हे टाळू नका. आईने आजवर बहुतेक सगळीकडे काय येत नाही तेच ऐकलेले असते. पुढची दहा मिनिटे दिनक्रमात काय निघाले ते वाचून दाखवायचे आणि आईने दुरुस्त करायचे. मग पंधरा मिनिटे उद्दिष्टे ठरवायला, दोन किंवा फार तर तीन. दहा मिनिटे कोण, काय, कधी. शेवटची पाच मिनिटे कागद मोठ्याने वाचून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे.

घड्याळाकडे लक्ष ठेवायला एकाला सांगा आणि लिहायला दुसऱ्याला. दोन्ही कामे सेविकेवरच पडली तर ती बैठकीत नुसती कारकून होते, आणि मुलाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेले माणूसच बोलायचे राहते.

उद्दिष्ट कसे लिहावे? "विकास सुधारणे" असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. सहा महिन्यांनी ते झाले की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. उद्दिष्टात चार गोष्टी याव्यात: मूल काय करेल, घरातल्या कोणत्या वेळेला, किती मदतीने, आणि कधीपर्यंत. "वाचा सुधारणे" ऐवजी असे लिहा: "संध्याकाळी दुधाचा पेला दाखवून आई थांबली की बाळ 'दू' म्हणेल किंवा हाताने खूण करेल, पाचपैकी तीन वेळा, सलग तीन दिवस, दिवाळीपर्यंत." हे वाचून आजीसुद्धा सांगू शकते झाले की नाही.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, अडीच वर्षांची मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीत अडचण), पाय ताठ, आधाराशिवाय बसता येत नाही, बोलत नाही, वजन कमी. फिजिओथेरपिस्टना तिने बसायला हवे आहे, वाचातज्ज्ञांना नीट गिळायला आणि खूण करायला, सेविकेला वजन वाढायला. तीन खाती, तीन उद्दिष्टे. पण आई म्हणते, "जेवण भरवायला पाऊण तास लागतोय, ठसका लागतोय, मलाच भ्या वाटतंय." मग तिन्ही उद्दिष्टे संध्याकाळच्या जेवणात घालायची.

आधी बसवण्याची पद्धत. आई तिला मांडीवर आडवी घेऊन भरवते, म्हणून घास मागे घसरतो आणि ठसका लागतो. बसायला बुटका स्टूल किंवा पक्का उपडा डबा घ्या. तिच्या गुडघ्याच्या मागच्या वळणापासून टाचेपर्यंतचे अंतर सुतळीने मोजा, तेवढीच स्टुलाची उंची. स्टूल भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. पाठ टेकलेली, कंबर आणि गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले, डोके सरळ आणि हनुवटी किंचित खाली. ओढणी बांधायची तर कमरेवरून, पोटावर किंवा छातीवर नको. पाय लोंबकळत राहिले तर अंग पुढे ढकलले जाते आणि मूल घसरते. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. पाय पोचत नसतील तर खाली वीट ठेवा. बसवणे नीट जमले की नाही हे फिजिओथेरपिस्टना फोटो पाठवून एकदा पक्के करून घ्या.

मग घास. आमटीचे पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड असते, ते पटकन घशात उतरते. त्याऐवजी घोटलेला वरण-भात किंवा नाचणीची घट्ट खीर, चमचा आडवा केला तरी ओघळणार नाही इतकी. वर एक चमचा तूप किंवा तेल, म्हणजे थोड्या घासांत जास्त ऊर्जा जाते. चमचा उथळ, अर्धा भरलेला, समोरून आणि तोंडाच्या पातळीवर आणायचा. वरून आणला की मान मागे जाते आणि पुन्हा ठसका. घास गिळला हे बघून मगच पुढचा. दर दोन-तीन घासांनी चमचा दाखवून थांबायचे, तिने बघितले, आवाज काढला किंवा हात हलवला की "हवंय? घे" म्हणून द्यायचे. बसणे, गिळणे, मागणे आणि वजन, सगळे त्याच ताटात आले, आणि आईला वेगळा व्यायामाचा तास काढावा लागला नाही.

एक इशारा मात्र कागदावर ठळक लिहा: प्रत्येक जेवणाला ठसका लागत असेल, जेवताना ओठ निळसर होत असतील किंवा वारंवार छाती भरून ताप येत असेल, तर घरी प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

कागदावर नेमके काय काय असावे?

एकच पान, पाठपोट. त्यात इतके:

- मुलाचे नाव, जन्मतारीख, अपुऱ्या दिवसांचे असेल तर दुरुस्त वय
- आज काय काय करते
- घरच्यांना काय हवे, त्यांच्याच शब्दांत
- दोन-तीन उद्दिष्टे
- प्रत्येक उद्दिष्टासाठी कोण काय करणार, तारखेसह
- बाहेर पाठवायचे असेल तर कुठे, कोणत्या वारी, सोबत कोण
- मुख्य दुव्याचे नाव आणि फोन
- पुढच्या आढाव्याची तारीख

"सर्वांनी प्रयत्न करावेत" हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच काम नाही. प्रत्येक ओळीपुढे एकच नाव.

मुख्य दुवा म्हणजे कोण? तो कसा निवडायचा?

घराशी नियमित बोलणारा एकच माणूस. बाकी सगळे आपले म्हणणे त्याच्यामार्फत घरी पोचवतात. हुद्द्यावरून निवडू नका, कोणाची पावले त्या घराकडे तशीही वळतात ते बघा. जन्मापासून १५ महिन्यांपर्यंत आशाताई स्वाभाविक ठरतात. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला ४२ दिवसांपर्यंत सहा भेटी आणि पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना भेटी, असा त्यांचा दौरा ठरलेलाच असतो. तीन वर्षांनंतर मूल रोज अंगणवाडीत येते, तेव्हा सेविका.

खरी पोकळी मधली आहे. १५ महिन्यांनंतर आशाच्या ठरलेल्या भेटी संपतात आणि तीन वर्षे होईपर्यंत मूल अंगणवाडीत बसत नाही. घरपोच आहाराचे पाकीट न्यायला आजी येते, मूल येतच नाही. आणि बोलण्यातला उशीर, नजर न मिळवणे, हाक मारली तरी न बघणे, हे ठळक दिसू लागते ते याच काळात. म्हणून या वयाच्या मुलासाठी दुवा नावानिशी ठरवा आणि आहार वाटपाच्या दिवशी "मुलाला घेऊनच या" हे आधीच्या महिन्यात सांगा.

आम्ही थेरपिस्ट नाही. व्यायाम दाखवताना चुकले तर?

ही भीती योग्य आहे आणि तिच्यावर उपाय आहे. थेरपिस्टने दाखवलेले काम दुव्याने त्यांच्यासमोर एकदा करून दाखवायचे, आईनेही करून दाखवायचे, आणि आईच्या फोनवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवायचा. पुढे तोच व्हिडिओ बघून करायचे. कागदावर काढलेल्या बाणांच्या चित्रांपेक्षा हे कितीतरी खात्रीचे. सांधा ताणण्याचे, मालिशमध्ये जोर लावण्याचे व्यायाम मात्र दुव्याने स्वतः शिकवू नयेत. मुलाला कसे धरावे, कसे बसवावे, कसे भरवावे आणि त्याच्याशी खेळताना कुठे थांबावे, एवढी सेविका-आशाची हद्द. ती छोटी नाही. थेरपिस्ट महिन्यातून तासभर भेटतात, आई दिवसाला दहा-बारा वेळा मूल उचलते.

डीईआयसीची चिठ्ठी दिली, पण घरचे गेलेच नाहीत. काय करावे?

चिठ्ठी देणे म्हणजे पाठवणे नव्हे. चंदगडहून कोल्हापूरला जायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो, रोजगार बुडतो, गाडीभाडे लागते आणि तिथे गेल्यावर कोणत्या खोलीत जायचे ते माहीत नसते. म्हणून आरबीएसके पथकाला फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या: कोणत्या वारी कोणते तज्ज्ञ असतात, किती वाजता पोचायचे, सोबत काय आणायचे. त्या कागदावर लिहून द्या. दोन-तीन तपासण्या एकाच दिवशी होतील अशी तारीख मागा. पहिल्या खेपेला आशाताई किंवा गावातले अनुभवी पालक सोबत गेले तर दुसरी खेप ते स्वतः करतात.

दुव्याने तारखेच्या आदल्या दिवशी एक फोन करायचा आणि नंतर तीन दिवसांत दुसरा: काय सांगितले? या दुसऱ्या फोनाशिवाय गावात परतलेल्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

काही गोष्टी बैठकीची वाट न पाहता लगेच कराव्या लागतात का?

हो. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासलेला हवा, आणि फारच लहान बाळांचा त्याहून आधी. उशीर झाला तर गेलेली दृष्टी परत येत नाही. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असेल तर निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावा. जन्मतः वाकडी पावले असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करता येते. आठवड्याला एक अशी साधारण पाच ते सात प्लास्टरे, आणि नंतर पट्टीने जोडलेले बूट. हे बूट वर्षानुवर्षे रात्री घालावे लागतात. ते मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळते. म्हणून बुटांचे वेळापत्रक योजनेत आलेच पाहिजे.

आणि कोणत्याही वयात, येत असलेली गोष्ट मुलाने करायची सोडली, म्हणजे बोलत होते ते थांबले किंवा बसत होते ते बसेनासे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

"मुलगे उशिराच बोलतात", "त्याचा बाप पण चार वर्षांनी बोलला" असे घरचे म्हणतात. वाद कसा टाळावा?

वाद घालू नका, नाव ठेवू नका, आजाराचे नाव तर मुळीच उच्चारू नका, ते डॉक्टरांचे काम. दिसते तेवढेच सांगा: "दीड वर्षाचा झाला, एकही शब्द नाही, मागून हाक मारली की वळत नाही. कान तर तपासून घेऊ." बहुतेक घरे कान तपासायला तयार होतात, आणि पहिली तपासणी तीच असायला हवी. ऐकू न येणाऱ्या मुलाला बोलण्याचा सराव देत महिने गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मोबाइलबद्दल बोलायचे तर "मोबाइल बंद करा" म्हणण्यापेक्षा दिनक्रमातली एक वेळ निवडा. जेवताना मोबाइल नाही, एवढेच. त्या वेळी काय करायचे तेही सांगा, नाहीतर आजी दुसऱ्याच दिवशी मोबाइल हातात देते.

दोन तज्ज्ञ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा?

आईला निवडायला लावू नका. मुख्य दुव्याने दोघांचे म्हणणे शब्दशः लिहून मुख्यसेविकेमार्फत दोघांना एकाच फोनवर जोडून द्यायचे. पाच मिनिटांत सुटते. न सुटल्यास जे कमी धोक्याचे आणि घरात आधीपासून चालू आहे ते चालू ठेवून पुढच्या तपासणीची तारीख घ्यायची.

मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, आहे आणि विकासही मागे आहे. आधी काय?

दोन्ही एकदम, पण जीव आधी. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली किंवा दोन्ही पावलांवर सूज म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. ही पट्टी ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आहे. भूक मेली असेल, ताप, जुलाब, सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते, नाहीतर गावच्या ग्राम बालविकास केंद्रातून उपचार. त्या दिवसांत भरवताना बोलणे, खेळवणे हे विकासाचे काम चालूच ठेवायचे. उलट वजन नुसत्या खाऊने वाढत नसेल तर चावण्या-गिळण्यात अडचण आहे का हे वाचातज्ज्ञांकडून बघून घ्या. "खात नाही" या शेऱ्यामागे पुष्कळदा "खाता येत नाही" असते.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे काय? सहा महिन्यांत ते निघून जातात.

हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या टोळ्या कारखान्याजवळ खोपटी घालून राहतात आणि पहाटेच फडात जातात. इथे सहा महिन्यांचे नियोजन करून उपयोग नाही. तीन-तीन आठवड्यांचे छोटे नियोजन करा, एकच उद्दिष्ट ठेवा. बैठक संध्याकाळी खोपटीवर घ्या. मूल मोठ्या बहिणीजवळ असेल तर तिला बरोबर घ्या, पण तिची शाळा बुडणार नाही हे बघून.

पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप) स्थलांतराची नोंद करा. तेवढ्यावर न थांबता योजनेच्या कागदाचा फोटो आईच्या किंवा बापाच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ गावच्या सेविकेचा नंबर घेऊन हंगाम संपण्याच्या पंधरवडा आधी तिच्याशी बोला. टोळी कोणत्या दिवशी निघेल हे मुकादमाला विचारले तरच कळते.

पुराच्या दिवसांत?

२०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातली गावे कित्येक दिवस पाण्यात होती. पंचगंगेकाठच्या किंवा कृष्णाकाठच्या गावात जून लागण्याआधी प्रत्येक योजनेचा फोटो मुख्यसेविकेकडे असू द्या. फिटची औषधे घेणाऱ्या मुलाकडे किमान महिनाभराचा साठा हवा, कारण ते औषध एकदम बंद पडले की फिट वाढतात. चष्मा, श्रवणयंत्र, त्याच्या बॅटऱ्या आणि पायाचे बूट एकाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ. निवारा केंद्रात न बसणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाच्या शर्टाच्या आतून नाव आणि फोन शिवून ठेवा.

घरात कन्नड बोलतात. मराठी शिकवावी का?

चंदगड, गडहिंग्लज, शिरोळच्या सीमाभागात हा प्रश्न नेहमी येतो. उशिरा बोलणाऱ्या मुलाशी घरच्यांनी आपल्या रोजच्या भाषेतच भरपूर बोलावे. दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. तपासताना मात्र दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. अंगणवाडीत पाच शब्द आणि घरी बारा, म्हणजे सतरा.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र कधी काढायचे?

निदान लेखी मिळाले की लगेच अर्ज करा, पण थेरपी त्यासाठी थांबवू नका. लहान वयात ते बहुधा ठरावीक मुदतीचे मिळते, म्हणून मुदतीची तारीख योजनेवर लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे, आणि थेरपीचा खर्चही तिच्यात येतो. पुष्कळ घरांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

ही पद्धत सरकारच्या कोणत्या चौकटीत बसते?

आरबीएसके २०१३ पासून आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे पाठवणे, हे त्याचे सूत्र. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यापासून तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुटुंबासह लेखी आराखडा बंधनकारक आहे. नाव कळवल्यापासून ४५ दिवसांत पहिली बैठक आणि दर सहा महिन्यांनी आढावा. आपल्याकडे तसा बंधनकारक कागद नसला तरी एक पान लिहायला आणि तारीख पाळायला कोणाच्या आदेशाची गरज नाही.

आढावा किती दिवसांनी?

पहिला सहा आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. पहिल्या आढाव्यात मुलाची प्रगती फारशी दिसणार नाही. तिथे बघायचे ते हे की घरात ठरलेले घडते आहे का. घडत नसेल तर आईला दोष न देता उद्दिष्टाची वेळ बदला. अंघोळीच्या वेळेला जमले नाही तर झोपण्याआधी. दोन आढावे झाले तरी एकच उद्दिष्ट जागच्या जागी असेल, तर ते मोठे आहे, त्याचे दोन तुकडे करा.

माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी का?

गावच्या किंवा बीटच्या (एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या) ग्रुपवर मुलाचे नाव, फोटो, निदान कधीही नको. फक्त त्या मुलाच्या चार-पाच जणांचा वेगळा ग्रुप, आईच्या संमतीने, आईलाही त्यात घेऊन. आई नसलेला ग्रुप करू नका.

सहा वर्षांचे झाल्यावर?

जूनमध्ये पहिलीत जाणार असेल तर त्याआधीच्या जानेवारीतच काम सुरू करा. शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना शेवटच्या दोन आढाव्यांना बोलवा. एप्रिलमध्ये मुलाला दोन-तीनदा शाळेत नेऊन आणा: वर्ग, पाण्याची टाकी, संडास, आणि तिथे जाताना लागणारी पायरी. शिक्षकांना जाड फाइल देऊ नका, एका पानावर मूल कशाला घाबरते, पाणी कसे मागते, कोणत्या बाजूने बोललेले ऐकू येते आणि कुठे बसवल्यास नीट दिसते, एवढे लिहून द्या. मूळ योजना मात्र घरीच राहू द्या, माता बाल संरक्षण कार्डाच्या प्लास्टिक कव्हरमध्ये, म्हणजे दवाखान्यात जाताना ती आपोआप सोबत जाते.